मे महिन्यात खिंडीवर मेंढ्या का नसतात?

(हिमाचल प्रदेशातल्या भरमौर-कुगती सहलीला नाव नोंदवण्याआधी वाचायचे माहितीपत्रक)

आम्हाला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "मुलांना मे महिन्यात सुट्टी आहे, तेव्हा गद्दी मेंढपाळांचा कळप बर्फातून खिंड ओलांडताना बघायचाय. तारीख सांगा, तिकिटं काढून ठेवतो." काही जण तर तिकिटं काढूनच फोन करतात. मग आम्ही नाही म्हणायचं, त्यांनी हिरमुसायचं आणि विमानाचे पैसे कापून घेऊन परत मिळवायचे, असा सगळ्यांचा वेळ जातो. म्हणून हे पत्रक काढलं आहे. ते आधी वाचा, तारीख नंतर बघू.

थोडक्यात सांगायचं तर मे महिन्यात कळप खिंडीवर नसतात, कारण खिंडीपलीकडे तेव्हा खायला काहीच नसतं. गद्दी मेंढपाळाचं वर्ष गवतावर चालतं. ते समजून घेतलं तर सुट्टी कधी टाकायची हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

थंडीत, म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, कळप खालच्या टेकड्यांच्या रानात असतात. कांगडा, हमीरपूर, बिलासपूर, उना या जिल्ह्यांतली झुडपी जंगलं ही त्यांची हिवाळी कुरणं. एप्रिलमध्ये तिथलं गवत वाळतं आणि कळप वर सरकू लागतात. वाटेत कांगड्याच्या गव्हाच्या कापलेल्या शेतांत मुक्काम पडतो. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात तसाच हा व्यवहार. मे आणि जूनमध्ये कळप धौलाधार ही पर्वतरांग ओलांडायच्या बेताला येतात. जालसूसारख्या कमी उंचीच्या खिंडी आधी मोकळ्या होतात, त्या पार केल्या की होळी गावापाशी रावीच्या खोऱ्यात उतरता येतं. इंद्रहार मात्र 4,342 मीटरवर आहे, तिथे जून उजाडेपर्यंत बर्फ पक्कं बसलेलं असतं.

पुढचा टप्पा पीर पंजाल रांगेचा. कुगती खिंड 5,040 मीटरवर, पलीकडे लाहौल. तिथे कळप जातात ते जून सरता सरता किंवा जुलैत. जुलै-ऑगस्ट लाहौलच्या उंच कुरणांवर, ज्यांना तिथे धार म्हणतात, सप्टेंबरमध्ये परतीची वाट, ऑक्टोबरमध्ये भरमौरकडच्या गावांत आणि दिवाळीच्या आगेमागे पुन्हा धौलाधारच्या दक्षिण उतारावर. असं हे चक्र आहे. एखाद्या वर्षी बर्फ उशिरा वितळलं तर सगळं आठ-पंधरा दिवसांनी पुढे जातं.

लाहौलपर्यंत एवढी पायपीट कशासाठी, हा प्रश्न सहलीत कोणी ना कोणी विचारतोच. उत्तर पावसात आहे. मोसमी ढग धौलाधारच्या दक्षिण भिंतीवर आपटतात आणि धर्मशाळेला वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस देतात. मेंढीला ही ओल सोसत नाही, खुरं कुजतात, लोकर भिजून जड होते. लाहौल पर्जन्यछायेत आहे, तिथे हवा कोरडी आणि गवत कसदार. त्यात रोज थोडं मीठ सपाट दगडांवर पसरून चाटायला दिलं की ऑगस्टअखेर जनावर अंगानं भरतं. म्हणजे पाऊस पडायच्या आत दोन पर्वतरांगा मागे टाकायच्या आणि बर्फ पडायच्या आत परत यायचं, अशा दोन टोकांत त्यांचं अख्खं वर्ष बसवलेलं आहे.

2020 साली मनालीहून लाहौलला जाणारा अटल बोगदा झाला आणि आमच्या डोकेदुखीत नवी भर पडली. "आता लाहौल मे महिन्यातही मोटारीनं गाठता येतं, मग कळप का नाही दिसणार?" रस्ता उघडला म्हणून गवत लवकर उगवत नाही. मे महिन्यात लाहौलला जाऊन तुम्हाला बर्फ, नांगरणीची तयारी आणि भरपूर पर्यटक दिसतील. मेंढ्या मात्र तेव्हा धौलाधारच्या अलीकडे असतात.

आता थोडं या लोकांविषयी. भरमौर हे चंबा शहरापासून सुमारे 60 किलोमीटरवर, रावीला मिळणाऱ्या बुढल नदीच्या खोऱ्यात आहे. हे आणि आसपासची गावं मिळून गधेरन, म्हणजे गद्दींचा मुलूख. भरमौरचं जुनं नाव ब्रह्मपूर, चंबा राज्याची ही पहिली राजधानी. चौरासी मंदिरांच्या आवारात लक्षणा देवीचं लाकडी कोरीवकामाचं मंदिर आहे आणि धातूच्या मोठ्या मूर्ती आहेत. मूर्तींवरच्या लेखांत राजा मेरुवर्मन आणि कारागीर गुग्गा यांची नावं वाचता येतात, काळ साधारण सातव्या शतकाच्या अखेरचा. दहाव्या शतकात साहिल वर्मन राजानं राजधानी खाली चंब्याला नेली. भरमौर मागे राहिलं आणि मेंढपाळांचंच होऊन गेलं.

"गद्दी लाहोरहून पळून आले ना?" हाही नेहमीचा प्रश्न, कारण 'उजडेया लाहौर, बसेया भरमौर' ही म्हण तिथला टॅक्सीवालाही ऐकवतो. काही घराणी मैदानातल्या धामधुमीत वर आली असतील, त्यांच्या घरात तशी आठवण सांगतात. पण म्हण ऐकून सगळं खोरं त्याआधी ओसाड होतं असं समजू नका. सातव्या शतकातल्या मूर्ती समोर उभ्या आहेत, त्यांना विचारा.

दुसरा गैरसमज म्हणजे गद्दी भटके आहेत, त्यांना घरदार नाही. असं अजिबात नाही. गधेरनमध्ये त्यांची घरं आहेत, मका-गव्हाची शेतं आहेत आणि कित्येकांचं दुसरं घर धौलाधारच्या कांगडा बाजूला आहे. कळपाबरोबर फिरतात ते मुख्यतः पुरुष, त्यांना पुहाल म्हणतात. एका कळपात बहुधा अनेक घरांची जनावरं असतात. शेळ्याही असतातच. अवघड उतारावर पहिलं पाऊल बोकड टाकतो, मग मेंढ्या जातात.

चराईच्या हक्काची गोष्ट आम्ही सहलीत संध्याकाळी सविस्तर सांगतो, इथे फक्त गाभा. 1846 मध्ये कांगडा इंग्रजांकडे गेला, चंबा मात्र 1948 पर्यंत संस्थान राहिलं. कळप तर हिवाळ्यात कांगड्यात आणि उन्हाळ्यात चंब्यात. म्हणजे त्याच मेंढीसाठी एकाच वर्षात दोन सत्तांचे नियम पाळायचे आणि दोघांचा कर भरायचा. इंग्रजांनी जंगलांची मोजणी करून राखीव क्षेत्रं आखली, कोणत्या घराण्याचा हक्क कोणत्या रानावर ते कागदावर आणलं. आजही वनखात्याच्या परवान्यावर मार्ग आणि जनावरांची संख्या लिहिलेली असते. कांगडा आणि चंबा असे वेगळे पडल्याचा एक चमत्कारिक परिणाम फार काळ टिकला. चंब्यातले गद्दी अनुसूचित जमातीत धरले गेले, तर 1966 पर्यंत पंजाबात असलेल्या कांगड्यातले त्यांचेच भाऊबंद 2002 च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत बाहेर राहिले. 2006 च्या वनहक्क कायद्यात हंगामी चराईच्या हक्काचा उल्लेख आहे, पण खालच्या रानात घाणेरी माजली आहे, जागोजाग नवी लागवड करून कुंपणं पडली आहेत, जनावरांच्या चोऱ्या होतात. पुहालांशी बोलाल तर खिंडीच्या बर्फापेक्षा या खालच्या रानाबद्दलच ते जास्त बोलतात.

देव-धर्मही याच वाटेवर चालतो. शंकर त्यांच्या लेखी मेंढपाळच आहे. मणिमहेशचं तळं सुमारे 4,080 मीटरवर, जन्माष्टमी ते राधाष्टमी तिथली यात्रा. घरात शुभकार्य असलं किंवा नवस फेडायचा असला की नुआला होतो, रात्रभर शिवाची गाणी चालतात. कुगती गावाच्या वर केलंग वजीर म्हणजे कार्तिकस्वामीचं देऊळ आहे. ते नोव्हेंबरअखेर बंद होतं आणि बैसाखीला उघडतं. बंद करताना आत पाण्यानं भरलेला कलश ठेवतात आणि उघडल्यावर त्यात किती पाणी उरलं यावरून वर्षाचा पाऊस सांगतात. देवळाचं वेळापत्रकही खिंडीचंच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मग यायचं कधी?

शाळेची सुट्टी सोडून येणं शक्य असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा मध्य. पाऊस ओसरलेला, आकाश धुतलेलं, कळप लाहौलकडून उतरत असतात आणि कुगतीची वाट तुमच्या समोरच भरून जाते. आमचा हाच गट सगळ्यात आधी भरतो. दिवाळीच्या सुट्टीतच जमणार असेल तर कांगडा बाजूला या. धर्मशाळेच्या वरची गावं, करेरी तळ्याची वाट, उतरणारे कळप. खिंड चढायची नाही, त्यामुळे आजी-आजोबाही येऊ शकतात. मे महिन्यातही आम्ही गट नेतो, पण त्याला 'खिंडीची सहल' म्हणत नाही. त्यात कांगड्याच्या शेतांतले मुक्काम, चंबा, छतराडीचं शक्तिदेवीचं देऊळ आणि भरमौर असतं. कळप दिसतात, जवळून दिसतात, फक्त पायाखाली बर्फ नसतं. फोटोत बर्फच हवं असेल तर त्यांच्यामागे धौलाधार उभी असतेच.

जुलै-ऑगस्टमध्ये भरमौर बाजूला आम्ही गट नेत नाही. "दुसरे नेतात, तुम्ही का नाही?" असं विचारतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीनं चंबा-भरमौर रस्ता ठिकठिकाणी तुटला आणि मणिमहेशचे हजारो यात्रेकरू अडकून पडले. तो रस्ता दरडींचा आहे, पावसात त्याच्या भरवशावर परतीचं तिकीट काढणं आम्हाला पटत नाही.

आमच्या दरपत्रकात 'राखीव दिवस' दोन आहेत. ते काढून टाकून पैसे कमी करा, अशी मागणी प्रत्येक गटातून येते. राखीव दिवस असतो म्हणूनच कळप एक दिवस उशिरा आला तरी तुम्हाला भेटतो. ते दिवस काढले तर स्वस्तात होईल, पण मग तुम्ही रिकामी वाट बघून याल. त्याचप्रमाणे कळप दिसण्याची हमी आम्ही देत नाही आणि पुहालाला पैसे देऊन फोटोसाठी कळप मागे वळवायला सांगत नाही. चढून आलेलं जनावर पुन्हा उतरवणं म्हणजे त्याच्या अंगावरचं मांस उतरवणं.

वाटेवर कळप समोर आला तर डोंगराच्या बाजूला, भिंतीला लागून स्तब्ध उभे राहा. दरीच्या बाजूला उभं राहू नका, मेंढ्या ढकलतात. कळप वरच्या उतारावर असेल तर त्याच्या खाली थांबू नका, दगड सुटतात. आणि कुत्र्यांना बिस्किटं देऊ नका. गद्दी कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो तो बिबट्यानं मान धरू नये म्हणून. तो लाड करून घ्यायला तिथे नसतो. मेंढपाळांच्या मुक्कामाजवळ जाण्याआधी लांबून हाक द्या, पुहाल कुत्र्याला आवरेल, मग चहाही मिळेल. या गोष्टी आमचा वाटाड्या रोज सकाळी सांगतो, तरी कोणीतरी बिस्किटाचा पुडा घेऊन जातंच.

नाव नोंदवताना आम्हाला तीन गोष्टी कळवा: सुट्टी किती दिवसांची आहे, ती पुढे-मागे सरकू शकते का आणि गटात सगळ्यात लहान व सगळ्यात वयस्क कोण. विमानाचं किंवा रेल्वेचं तिकीट आमचा होकार आल्यावरच काढा. सप्टेंबरच्या गटाची तारीख आम्ही लाहौलकडची खबर घेऊन ऑगस्टमध्ये पक्की करतो, त्याआधी कितीही आग्रह केलात तरी फक्त पंधरवडा सांगू.

शेवटी गर्दूविषयी, कारण परत आल्यावर त्याचीच चौकशी जास्त होते. गर्दू म्हणजे गद्दी लोकरीचं जाड चौकटीचं पांघरूण. मेंढ्या वर्षातून तीनदा कातरतात, विणकाम मात्र बहुतेक हिवाळ्यात होतं, गावं बर्फात असताना. नवा लागला की थोडा टोचतो, दोन-तीन हिवाळे वापरल्यावर मऊ होतो. आम्ही तो थेट विणणाऱ्यांकडून आणतो आणि त्यावर आमचा फक्त वाहतुकीचा खर्च लावतो. ऑक्टोबरअखेर मागणी नोंदवली तर पुढच्या मे महिन्याच्या गटाबरोबर येईल. एकेरी हवा की दुहेरी, ते आठवणीनं लिहा.