काकेमोनो : रेशमावरील जपानी टांगते चित्र

वरून खाली उलगडत भिंतीवर टांगायचे आणि काम झाले की गुंडाळून पेटीत ठेवायचे, अशा जपानी चित्राला काकेमोनो किंवा काकेजिकु म्हणतात. आडवे उलगडत पाहायचा एमाकी हा प्रकार वेगळा. काकेमोनो कागदावरही असते आणि रेशमावरही. येथे विचार रेशमावरच्या जुन्या चित्रांचा आहे, कारण रेशमावरच्या चित्राला पाठ असते आणि या कलेतले निम्मे कसब त्या पाठीवर खर्च झालेले असते.

चित्राचा मूळ तुकडा म्हणजे ‘होन्शी’. त्याच्या वर आणि खाली ‘इचिमोन्जी’ ही किनखाबाची अरुंद पट्टी असते, भोवती दुसरे रेशीम आणि त्याच्याही वर-खाली साधे कापड. वरच्या कापडाला ‘तेन’ म्हणजे आकाश आणि खालच्याला ‘ची’ म्हणजे जमीन म्हणतात. आकाश जमिनीपेक्षा लांब ठेवतात. वरच्या टोकाला पातळ लाकडी पट्टी आणि दोरी, खालच्या टोकाला गोल दांडी. दांडीची दोन्ही बोंडे हस्तिदंत, शिंग, लाखकाम केलेले लाकूड, स्फटिक किंवा धातू यांची असतात. टांगल्यावर ही दांडी आपल्या वजनाने पट सरळ ठेवते.

चित्रासाठीचे रेशीम वस्त्राच्या रेशमासारखे विणत नाहीत. कच्च्या धाग्यावरचा नैसर्गिक चिकट थर काढून न टाकता साधी, विरळ वीण घालतात. ताणा आणि बाणा यांच्या मधून उजेड आरपार दिसतो. हे कापड लाकडी चौकटीवर ताणून त्यावर सरस आणि तुरटी यांचे पातळ पाणी, ‘दोसा’, फिरवतात. नाहीतर शाई फुटते. निळ्यासाठी अझुराइट, हिरव्यासाठी मॅलाकाइट, लालासाठी हिंगूळ, पांढऱ्यासाठी शिंपल्यांची पूड आणि काळ्यासाठी काजळीची शाई. खनिजाचे कण जितके जाड तितका रंग गडद. ही पूडही सरसातच कालवतात. सरस जुना होऊन सैल पडला की रंगाचे कण सुटू लागतात, आणि वारंवार गुंडाळल्या जाणाऱ्या चित्रात ते झडायला वेळ लागत नाही.

विरळ विणीचा फायदा चित्रकारांनी फार पूर्वी ओळखला. कापडाच्या मागून रंग लावला तर तो पुढे मंद, आतून उजळल्यासारखा दिसतो. याला ‘उराझाइशिकी’ म्हणतात. चेहऱ्याला मागून पांढरा द्यायचा आणि पुढून फक्त रेषा आणि हलकी छटा ठेवायची. पुढे रंगाचा जाड थर नको, तरी कांती भरीव. सोन्याचा वर्खही कधी मागून चिकटवीत. पुढून मात्र वर्खाचे केसासारखे काप काढून ते एकेक चिकटवीत वस्त्रांवरची नक्षी उभी करीत. ते ‘किरिकाने’. टोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातील १२ व्या शतकातील समंतभद्र बोधिसत्त्वाच्या चित्रात ही नक्षी आजही पाहता येते.

मागून रंगवण्याच्या तंत्राचे सर्वोत्तम उदाहरण म्हणून इतो जाकुचू (१७१६–१८००) याच्या ‘दोशोकु साइए’ या ३० चित्रांच्या मालिकेकडे बोट दाखवावे लागेल. जाकुचू क्योतोच्या निशिकी बाजारातल्या घाऊक भाजीव्यापाऱ्याच्या घरातला. चाळिशीत धंदा धाकट्या भावाकडे सोपवून तो चित्रांकडे वळला आणि साधारण १७५७ ते १७६६ या काळात त्याने कोंबडे, मासे, बेडूक, किडे, बर्फाखाली वाकलेली झाडे अशी ही सृष्टी रेशमावर उतरवली. शाक्यमुनी आणि दोन बोधिसत्त्वांच्या तीन चित्रांसह त्याने ती क्योतोच्या शोकोकुजी मंदिराला अर्पण केली. १८८९ मध्ये मंदिराने ३० चित्रे राजघराण्याला दिली. त्या वेळी मिळालेल्या १०,००० येनमुळे आर्थिक अडचणीतल्या मंदिराची जमीन वाचली. शाक्यमुनी आणि बोधिसत्त्वांची तीन चित्रे मंदिरातच राहिली.

१९९९ ते २००४ या काळात मालिकेची दुरुस्ती झाली. जुने अस्तर निघाले आणि चित्रांची पाठ उघडी पडली. पांढऱ्या फिनिक्स पक्ष्याच्या चित्रात पिसांमधून सोने झळकते असे पाहणाऱ्यांना वाटे. तपासणीत तिथे सोने नव्हतेच: मागून पिवळी माती, पुढून शिंपल्याच्या पांढऱ्याच्या बारीक रेषा, एवढ्यावर तो झळाळ उभा होता. माशांच्या एका चित्रात बर्लिनमध्ये १८ व्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेला प्रशियन निळा सापडला. परदेशी व्यापारावर कडक निर्बंध असलेल्या जपानात हा रंग एका माशापुरता वापरावा, यातून जाकुचूची नजर कळते. २०१२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पूर्ण मालिका प्रथमच देशाबाहेर मांडली गेली. २०२१ मध्ये ती राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झाली.

टांगत्या पटाची रीत चीनकडून बौद्ध धर्माबरोबर आली. हेइआन काळातील (७९४–११८५) पट पूजाविधीसाठी होते. विधी असेल तेव्हा देवता उलगडायची, एरवी ती मिटलेली. कोयासान पर्वतावरील कोंगोबुजी मंदिरात १०८६ सालचे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे रेशमी चित्र आहे. जपानातील या विषयाचे तारीख असलेले ते सर्वांत जुने चित्र. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात पहुडलेला बुद्ध ज्याने पाहिला आहे त्याला हा विषय सांगावा लागणार नाही, मात्र कोयासानच्या चित्रात बुद्धाभोवतीच्या शोकाला रंग आहेत. आपल्याकडच्या वाचकाला दुसरीही एक ओळख पटेल. वेरूळच्या ६ व्या लेण्यात मोरासह कोरलेली महामायूरी जपानात कुजाकु म्योओ झाली. सर्पविषापासून रक्षण आणि पावसासाठी तिची आराधना होई. टोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात १२ व्या शतकातला तिचा रेशमी पट आहे. म्योओ देवता सहसा उग्र असतात. हिचा चेहरा तेवढा शांत.

झेन पंथाबरोबर चीनची शाईचित्रे आली. मुची या चिनी भिक्षूची कान्नोन (करुणेचा बोधिसत्त्व), वानर आणि क्रौंच ही तीन रेशमी चित्रे क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरात आहेत. जपानी चित्रकारांच्या पिढ्या त्यांवरून शिकल्या. पुढे घरात ‘तोकोनोमा’ हा कोनाडा आला आणि पट मंदिरातून बैठकीत उतरला. ऋतू, पाहुणा, प्रसंग पाहून तो बदलायचा. चहाविधीत पाहुणा आत आल्यावर प्रथम पटासमोर वाकतो. तिथे मात्र चित्रापेक्षा झेन भिक्षूंच्या हस्ताक्षराला, आणि तेही बहुधा कागदावरच्या, मान अधिक. एदो काळात (१६०३–१८६८) कानो या चित्रकार घराण्यापासून मारुयामा ओक्योपर्यंत आणि शहरी जीवन रंगवणाऱ्या उकियोए चित्रकारांपर्यंत सगळ्यांनी रेशमावर काम केले.

चित्रकार चित्र काढतो, पण त्याचे काकेमोनो करतो तो ‘ह्योगुशी’. चित्राच्या पाठीवर तो कागदांची अस्तरे चढवतो. पहिले मिनो प्रांताच्या पातळ, चिवट कागदाचे. रेशमातून ते दिसते म्हणून गरजेप्रमाणे रंगवलेले. मधली अस्तरे योशिनोच्या मिसु कागदाची, ज्यात शिंपल्याची पूड असते. शेवटचे उदा कागदाचे, ज्यात योशिनोची पांढरी माती असते. पहिल्यासाठी गव्हाच्या सत्त्वाची ताजी खळ. पुढच्यांसाठी ‘फुरुनोरी’: ऐन थंडीत शिजवून माठात सुमारे दहा वर्षे मुरवलेली खळ. ती मुद्दाम कमजोर असते. चिकटते, पण कडक होत नाही, म्हणून पट मऊसूत गुंडाळला जातो. आणि पुढे कधी ओल देऊन सोडवायची म्हटली तर सुटते. कमी पडणारी चिकटण्याची ताकद जाड ब्रशने ठोकून भरून काढतात. मग पट महिनोन्‌महिने फळीवर ताणून वाळवतात.

हे सगळे उकलता येईल अशा बेताने केलेले असते, कारण शे-दोनशे वर्षांनी ते उकलावे लागतेच. खळ मरते, कागद ताठरतो, आडव्या चुण्या पडतात आणि त्या चुण्यांवर रेशीम तुटते. कसर लागते. धूप आणि दिव्यांच्या धुराने रंग काळवंडतात. दुरुस्तीत सर्वांत जोखमीचे काम पहिले अस्तर काढण्याचे. चित्राच्या तोंडावर तात्पुरता कागद चढवून ते पालथे घालतात आणि मागचा जुना कागद चिमट्याने कणाकणाने उचलतात. घाई केली तर कागदाबरोबर पाठीवरचा रंगही जातो. रेशीम जिथे गळून गेले तिथे ठिगळ लावायचे, पण नवे ताकदवान रेशीम शेजारच्या जीर्ण धाग्यांना फाडते. म्हणून जपानमध्ये नव्या रेशमावर इलेक्ट्रॉन किरणांचा मारा करून ते मुद्दाम जीर्ण करतात आणि जुन्या चित्राच्या विणीशी जुळणारे ठिगळ बसवतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पौर्वात्य चित्रांची दुरुस्ती करणारी हिरायामा कार्यशाळा आहे.

१८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर बौद्ध मंदिरांवर संकट आले आणि अनेक पट बाजारात आले. अमेरिकन प्राध्यापक अर्नेस्ट फेनोलोसा १८७८ मध्ये जपानला गेला. त्याचा संग्रह आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे. हानी पाहून १८९७ मध्ये जुन्या मंदिरांच्या ठेव्यासाठी कायदा झाला, १९५० मध्ये अधिक व्यापक कायदा. राष्ट्रीय ठेवा ठरलेले चित्र आता कायमचे देशाबाहेर जाऊ शकत नाही. फेनोलोसाचा सहकारी ओकाकुरा काकुझो १९०२ मध्ये भारतात होता. त्याने धाडलेले चित्रकार योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो १९०३ मध्ये कलकत्त्यात होते आणि तिथे त्यांचा चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांशी संबंध आला. ठाकुरांच्या चित्रातला ओला, धूसर रंग त्यांच्या सहवासातून आला. पुढे जपानी चित्रकार अराई कान्पोने १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. टोक्योत ठेवलेल्या त्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या.

जुना पट पाहताना भोवतालच्या काठांवरून वय ठरवू नये. १३ व्या शतकातल्या चित्राला १९ व्या शतकातले काठ असणे हे चित्र नीट सांभाळल्याचे लक्षण आहे. किरीच्या हलक्या लाकडाच्या पेटीवर चित्राचे नाव आणि जाणकाराचा लेख असतो. तो उपयोगी, पण पेटी आणि चित्र यांची जोडी बदलली गेलेली असू शकते. खरा पुरावा विणीत, रंगांच्या कणांत आणि पाठीवर असतो. घरी पट असेल तर त्याला उन्हात आणि ओलसर भिंतीवर ठेवू नये, ऐन पावसाळ्यात उलगडू नये, गुंडाळताना आवळू नये. चुण्या पडू लागल्या असतील तर दांडीवर जाड लाकडी नळी बसवून सुरळीचा घेर वाढवतात. मंदिरांत शरद ऋतूतल्या कोरड्या दिवसांत पट बाहेर काढून वारा देतात. दाइतोकुजीमध्ये हे ऑक्टोबरमध्ये होते आणि पाऊस आला तर रद्द होते. संग्रहालयांतही राष्ट्रीय ठेव्याचा रेशमी पट वर्षात साधारण ६० दिवसांपेक्षा जास्त मांडत नाहीत. त्यामुळे एखादे विशिष्ट चित्र पाहायला जपानला जाणाऱ्याने आधी प्रदर्शनाच्या तारखा पाहाव्यात.