सागरी कासव-निरीक्षण, कोकण किनाऱ्यावरील

पुळणीवर अंडी घालायला येणाऱ्या सागरी कासवांच्या माद्या आणि वाळूतून वर येऊन समुद्राकडे जाणारी त्यांची पिल्ले यांना कमीत कमी त्रास देऊन पाहण्याची व त्यांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत. नर सहसा किनाऱ्यावर येत नाहीत, त्यामुळे या नोंदींत ते जवळजवळ नसतातच. भारतीय सागरात ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि लेदरबॅक अशा पाच जाती आढळतात. कोकणातील विणीच्या नोंदी मात्र बहुतांश ऑलिव्ह रिडलेच्याच (लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया) आहेत. या सर्व जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कमाल संरक्षण आहे. मादी, पिल्लू वा अंडे हाताळण्याचा अधिकार वन विभाग व त्याने नेमलेले कासवमित्र यांनाच असतो.

ओळख : प्रौढ रिडलेची पाठ सुमारे ६० ते ७० सेंमी. लांब, जवळपास तितकीच रुंद आणि राखाडी-हिरवट असते. वजन ३५ ते ५० किलोपर्यंत भरते. ओळखीची पक्की खूण पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना असणाऱ्या ढालींची (कवचावरील मोठ्या खवल्यांची) संख्या ही होय. रिडलेत त्या एका बाजूला सहसा पाचांहून अधिक असतात आणि दोन्ही बाजूंची संख्या पुष्कळदा जुळत नाही. हिरव्या कासवात व हॉक्सबिलमध्ये त्या चार-चार असतात. मादी परत गेल्यावर वाळूतल्या मागावरूनही जात ताडता येते. रिडले आलटूनपालटून पाय टाकत चालते, म्हणून तिच्या मागाच्या दोन्ही बाजू एकमेकींसमोर येत नाहीत. माग पाऊण मीटरच्या आसपास रुंद असतो. हिरवे कासव दोन्ही वल्हे-पाय एकाच वेळी मारते, त्याचा माग जुळता व रुंद पडतो. हॉक्सबिलचा मागही आलटापालटीचाच असल्याने निव्वळ मागावरून दिलेला निर्वाळा सावधपणे घ्यावा.

इतिहास : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील विणीविषयी जुने लेखन तुटपुंजे आहे. संघटित कामाची सुरुवात साधारणपणे २००२ ची मानतात. त्या वर्षी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांना समुद्रगरुडांच्या पाहणीदरम्यान वेळास (ता. मंडणगड) येथे अंड्यांची टरफले आढळली. त्यापूर्वी अंडी खाण्यासाठी व विक्रीसाठी काढली जात. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली. पुढे आंजर्ले, गुहागर व इतर अनेक पुळणींवर असे काम उभे राहिले. गोव्यात मोरजी, आगोंद व गालजीबाग येथे संरक्षण होते. मोरजीचा प्रयत्न वेळासच्या आधीचा आहे.

माद्या कोठल्या ? : ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे रिडलेच्या हजारो माद्या थोड्याच रात्रींत एकत्र येतात. कोकणात त्या एकेकट्या येतात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्याची कासवे हा वेगळा, लहान समूह असावा, असे बराच काळ गृहीत धरले गेले. २०२२ च्या आरंभी भारतीय वन्यजीव संस्था व महाराष्ट्र वन विभागाचा कांदळवन कक्ष यांनी रत्नागिरी जिल्ह्यात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग (उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारी यंत्रे) बसवले. पहिली वेळासची ‘प्रथमा’. त्या मुख्यतः अरबी समुद्रातच राहिल्या. काही महिन्यांत टॅग बंद पडल्याने हा पुरावा अपुरा ठरतो. २०२३ मध्ये गुहागरला टॅग लावलेली ‘बागेश्री’ मात्र श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. मग २७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालणाऱ्या मादीच्या पायावर ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी दिसली. ती भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने मार्च २०२१ मध्ये गहिरमाथ्याला लावलेली होती.

या प्रवासाचे अंतर सुमारे ३,५०० किमी. सांगितले जाते, पण तो अंदाज आहे. धातूची पट्टी दोन ठिकाणे व दोन तारखा सांगते; मधला मार्ग, किंवा मधल्या हंगामांत मादीने आणखी कोठे अंडी घातली का, हे सांगत नाही. एका मादीवरून साऱ्या समूहाचा निष्कर्ष निघत नाही, हेही खरे. तरीही बागेश्रीची नोंद सोबत धरता, दोन किनारे पूर्ण विभक्त नाहीत हे मत अधिक ग्राह्य वाटते. रिडलेची मादी सामूहिक व एकाकी अशा दोन्ही रीतींनी अंडी घालू शकते, हे अन्यत्रही दिसून आले आहे. ‘पिल्ले जन्माच्याच पुळणीवर परततात’ हे लोकप्रिय विधानही रिडलेच्या बाबतीत एका गावापुरते न घेता विस्तृत किनारपट्टीच्या अर्थाने घेणे योग्य.

अंडी घालतानाचे निरीक्षण : कोकणात हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी बहुधा रात्री येते आणि सगळे काम तासाभरात उरकते. भरतीरेषेच्या वर जागा निवडून ती मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद असा मडक्यासारखा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी सोडते, वाळू लोटते आणि अंग डावी-उजवीकडे आपटून ती दाबते. खड्डा पुरा होईपर्यंत ती फार बुजरी असते. उजेड, हालचाल किंवा वाळूतून जाणवणारी पावले यांनी ती अंडी न घालता परत फिरते. म्हणून तोवर दिवा न लावता लांब, खाली बसून राहावे. अंडी पडू लागली की ती सहसा उठत नाही. तेव्हा मागच्या बाजूने, मंद लाल उजेडात पाहता येते. फ्लॅश केव्हाही नको. डोळ्यांतून ओघळणारे पाणी हा क्षारग्रंथींचा स्राव असतो. परतणाऱ्या मादीच्या आणि समुद्राच्या मध्ये कोणी उभे राहू नये.

हॅचरी : कासवमित्र पहाटे पुळण फिरतात, माग सापडला की घरटे शोधतात आणि धोक्यातील अंडी कुंपण घातलेल्या जागेत, म्हणजे हॅचरीत, हलवतात. भटकी कुत्री, कोल्हे, घोरपडी आणि उधाणाचे पाणी हे नेहमीचे धोके. हे काम अंडी पडल्यापासून शक्यतो काही तासांतच झाले पाहिजे. भ्रूण लवकरच कवचाच्या वरच्या आतील बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले तर तो मरतो. म्हणूनच अंडी न उलटता, ज्या क्रमाने काढली तसे भान ठेवून, मूळ खोलीच्या व आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. घरट्यांत साधारण एक मीटर अंतर सोडून पाटीवर तारीख व संख्या लिहितात. खड्डा उथळ झाला तर अंडी तापतात. पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते : उष्ण वाळूत माद्या, थंड वाळूत नर. त्यामुळे सावली, खोली आणि जागा यांतील प्रत्येक बदल पुढच्या पिढीवर उमटतो. घरटे सुरक्षित असेल तर जागीच ठेवणे चांगले, हे मत अलीकडे बळावत आहे, आणि ते रास्त आहे.

पिल्ले : ४५ ते ६० दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले एकत्र जोर लावून काही दिवसांत वर सरकतात. वाळू किंचित खचून खळगा दिसला की ती जवळ आली असे समजावे. या सुमारास घरट्यावर टोपली ठेवतात. ती वेळोवेळी उचलून पाहिली नाही, तर पिल्ले उन्हाने सुकतात किंवा मुंग्यांच्या तावडीत सापडतात. वेळासला सकाळी सातच्या व संध्याकाळी सहाच्या सुमारास पिल्ले सोडतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत ती दिसण्याचा संभव अधिक. ठरल्या दिवशी पिल्ले निघतीलच असे नसते, तेव्हा निघण्याआधी गावात चौकशी करावी.

पिल्ले पाण्यापासून काही मीटर अलीकडे ओल्या वाळूवर सोडून त्यांना स्वतः चालू देतात. पोटातील बलकाची शिदोरी पहिल्या अखंड पोहण्यासाठी असते; गर्दीची वाट पाहत पिल्ले टबात ठेवली तर ही शक्ती तिथेच संपते. प्रेक्षकांनी दोरीमागे थांबावे. पुढे तुडवलेल्या वाळूतील पावलांचे खळगे पिल्लांना अडवतात, आणि मागचे विजेचे दिवे त्यांना जमिनीकडे खेचतात.

नोंदी : घरट्याची तारीख, भरतीरेषेपासूनचे अंतर, अंड्यांची संख्या आणि शेवटी घरटे उकरून मोजलेली रिकामी टरफले, न फुटलेली अंडी व मेलेली पिल्ले. पट्टी असलेली मादी दिसल्यास क्रमांकाचा फोटो ती समुद्रात परत जाऊ लागल्यावर, फ्लॅशविना घ्यावा, पट्टी काढू नये, वन विभागाला कळवावे. जाळ्यात अडकून जखमी झालेले कासव किनाऱ्यास लागले तर ते पाण्यात ढकलू नये; सावलीत ठेवून, ओल्या कापडाने पाठ झाकून, नाकपुड्या मोकळ्या ठेवून मदत बोलवावी.

पाण्यातील कासवांच्या नोंदी तुरळक आहेत. मालवणच्या खडकाळ भागात श्वासासाठी वर आलेले हिरवे कासव होडीवरून दिसते. इंजिन बंद करून थांबल्यास ते पुन्हा वर येण्याची शक्यता असते.