लिटल विमेन

अमेरिकन लेखिका लुइझा मे ऑल्कट (१८३२–८८) यांची, चार बहिणींच्या वाढत्या वयाची कादंबरी. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने तिचा पहिला भाग १८६८ मध्ये आणि दुसरा १८६९ मध्ये काढला. आता दोन्ही भाग मिळून ४७ प्रकरणांचे एकच पुस्तक वाचले जाते. मराठीत ती शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादामुळे परिचित आहे. मूळ शीर्षकातला लहानपणा त्यात गळला आणि घरात सहज उच्चारला जाणारा शब्द आला; बदल फायद्याचाच म्हणायचा.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या दिवसांत, भेटवस्तूंविना आलेल्या नाताळाच्या कुरकुरीने कथेची सुरुवात होते. मार्च कुटुंबाचे वडील सैन्यात धर्मोपदेशक म्हणून गेलेले, घर आई ‘मार्मी’ चालवते. मेग १६ वर्षांची, ज्यो १५ ची, बेथ १३ ची आणि एमी शेंडेफळ. शेजारच्या श्रीमंत घरातला एकटा मुलगा लॉरी त्यांच्यात मिसळून जातो. मोठे कथानक असे नाहीच. नाटकाला नेले नाही म्हणून एमी ज्योचे हस्तलिखित चुलीत टाकते, ज्यो तिला क्षमा करायला तयार नसते, आणि दुसऱ्याच दिवशी गोठलेल्या नदीवरचा बर्फ फुटून एमी पाण्यात पडते. रागाच्या भरात आपण तिला सावध केले नाही, हे ज्योला छळत राहते. बहिणींमधला मत्सर इतक्या उघडपणे, तरीही मायेने, त्या काळच्या मुलींच्या पुस्तकांत फारसा आलेला नव्हता. जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या धार्मिक रूपककथेच्या आधाराने अधूनमधून येणारा उपदेश मात्र आजच्या वाचकाला जड जातो.

पुस्तक लिहिले गेले ते प्रकाशक टॉमस नाइल्स यांच्या आग्रहामुळे. त्यांना मुलींसाठी कादंबरी हवी होती. ऑल्कट यांना त्यात रस नव्हता. आपल्या बहिणी सोडल्या तर मुली आपल्याला फारशा आवडत नाहीत, असे त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले आहे. पहिली १२ प्रकरणे नाइल्स यांना आणि खुद्द लेखिकेलाही कंटाळवाणी वाटली होती. पण पहिली आवृत्ती हातोहात संपली. एकरकमी मोबदल्याऐवजी हक्क स्वतःकडे ठेवण्याचा नाइल्स यांचा सल्ला ऑल्कट यांनी मानला होता, आणि कर्जात बुडालेले त्यांचे कुटुंब त्यातून वर आले.

मेग म्हणजे लेखिकेची थोरली बहीण ॲना, बेथ म्हणजे लिझी, एमी म्हणजे मे (इंग्रजीत अक्षरांची नुसती उलटापालट) आणि ज्यो म्हणजे लुइझा स्वतः. जिथे कादंबरी खऱ्या घरापासून दूर जाते, त्या जागा अधिक बोलक्या आहेत. वडील ब्रॉन्सन ऑल्कट हे तत्त्वचिंतक. १८४३ मध्ये त्यांनी ‘फ्रूटलँड्स’ नावाची आदर्श वसाहत थाटली आणि ती वर्षही न पुरता मोडली. युद्धावर ते गेले नव्हते. गेली ती लुइझा, वॉशिंग्टनजवळच्या इस्पितळात परिचारिका म्हणून, आणि विषमज्वर घेऊन परतली. दुसरा फरक लग्नाचा. ज्योने लॉरीशी लग्न करावे म्हणून वाचक मुलींची पत्रे येत होती. लेखिका जन्मभर अविवाहित राहिली आणि ज्योही तशीच राहावी असे तिला वाटे. शेवटी तिने ज्योची गाठ मध्यमवयीन जर्मन प्राध्यापक बेअर यांच्याशी घालून दिली. लॉरी एमीचा झाला. ही तडजोड अनेकांना अजून पटलेली नाही. दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग यांच्या २०१९ च्या चित्रपटाने तर या तडजोडीलाच आपल्या शेवटाचा विषय केले.

मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावी ज्या ‘ऑर्चर्ड हाउस’मध्ये कादंबरी लिहिली गेली, ते आता संग्रहालय आहे. वडिलांनी लुइझासाठी बनवलेले अर्धगोल मेज तिथे आहे. बेथच्या खुणा शोधत येणाऱ्यांना मात्र मार्गदर्शक सांगू शकतो की लिझी या घरात कधीच राहिली नाही: ती मार्च १८५८ मध्ये वारली, आणि कुटुंब इथे राहायला आले ते त्यानंतर.