जर्मन जखम-बिल्ले : संग्रह व पारख

दोन्ही महायुद्धांत घायाळ झालेल्या जर्मन सैनिकांना दिलेले लंबगोल बिल्ले जमवण्याचा छंद. जर्मन भाषेत या बिल्ल्याला ‘फेरवुन्डेटन-आपत्साइखन’ म्हणतात. कैसर दुसरा विल्हेल्म याने तो ३ मार्च १९१८ रोजी, म्हणजे पहिले महायुद्ध सुरू होऊन साडेतीन वर्षे उलटल्यावर, सुरू केला. मध्ये पोलादी शिरस्त्राण, त्यामागे एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी आणि कडेने पानांची माळ, असे त्याचे रूप. नौदलाच्या बिल्ल्यावर शिरस्त्राणाऐवजी नांगर आणि माळेच्या जागी साखळी असे.

एक-दोन जखमांना काळा, तीन-चारांना चंदेरी, पाच किंवा अधिक जखमांना सोनेरी असे तीन दर्जे होते. हात, पाय किंवा डोळा गेला, तर एकाच जखमेत चंदेरी मिळे. दृष्टी पूर्ण गेली तर सोनेरी. वेदनेची ही मोजदाद कारकुनी वाटते खरी, पण बाजारातला भावही साधारण याच पायऱ्यांनी चढतो. काळे बिल्ले आजही मुबलक सापडतात. नवखे संग्राहक सुरुवात तिथूनच करतात.

स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या जर्मन ‘कोन्डोर’ दलासाठी १९३९ मध्ये बिल्ला पुन्हा काढला, तेव्हा जुन्याच धाटणीच्या शिरस्त्राणावर नाझी स्वस्तिक आले. दुसरे महायुद्ध पेटल्यावर शिरस्त्राणही नव्या घडणीचे झाले. कालखंड ओळखायचा तो या शिरस्त्राणावरून. १९४३ पासून हवाई हल्ल्यांत जखमी झालेले नागरिकही पात्र ठरले. सर्वांत दुर्मीळ प्रकार हिटलरवरील बॉम्बहल्ल्यात सापडलेल्यांसाठीचा : त्यावर ‘२० जुलै १९४४’ ही तारीख व हिटलरची सही कोरलेली असते. असे बिल्ले सुमारे २४ जणांनाच मिळाले, त्यामुळे बाजारात दिसणारा प्रत्येक नग आधी बनावट समजावा.

मुरलेला संग्राहक बिल्ला हातात घेताच उलटा करतो. पिन, बिजागरी, पिन अडकवायची आकडी आणि निर्मात्याचा क्रमांक मागेच असतात. ‘३०’ म्हणजे व्हिएन्नाची टांकसाळ, ‘एल/११’ म्हणजे ल्यूडेनशाइडची डॉयमर पेढी. दुसऱ्या महायुद्धातले आधीचे बिल्ले बहुधा पितळेचे, पुढे टंचाईत पोलाद व जस्ताचे. बिल्ला पोलादी आहे की नाही, एवढे तरी लोहचुंबकाने कळते. ठशाने दाबलेल्या अस्सल बिल्ल्यात शिरस्त्राणामागची दाणेदार पार्श्वभूमी रेखीव उठते. ओतीव नकलेत ते दाणे मऊ पडतात, कधी हवेचे बुडबुडेही दिसतात.

बिल्ल्यावर सैनिकाचे नाव नसते. ते मिळते प्रदानपत्रात : नाव, हुद्दा, तुकडी, जखमांची संख्या, अधिकाऱ्याची सही. सोबत त्याच सैनिकाचे वेतनपुस्तक असेल, तर त्यातल्या रुग्णालयाच्या नोंदींशी तारखा ताडता येतात. असा कागदांसह आलेला काळा बिल्ला सुट्या चंदेरीपेक्षा जास्त बोलतो. नकली कागदही विकले जातात, हे ओघाने आलेच.

जर्मनीत नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन दंडनीय आहे. पश्चिम जर्मनीने १९५७ च्या कायद्याने माजी सैनिकांना स्वस्तिक वगळलेली आवृत्ती लावण्यास मुभा दिली. संग्राहक तिला बरीच वर्षे दुय्यम मानत; आता तिचेही वेगळे संग्रह होतात.