सोळाव्या वर्षी ठरलेला आकडा: फुटबॉल गेममध्ये खेळाडू कसा घडतो, याची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२५ मध्ये एफसी २६ (फिफा या गेम मालिकेचं आजचं नाव एफसी) आला तेव्हा एकाच गेममध्ये खेळाची दोन रूपं होती. ऑनलाइन भिडणाऱ्यांसाठी 'कॉम्पिटिटिव्ह' आणि एकट्याने करिअर मोड, म्हणजे हंगामामागून हंगाम एक क्लब चालवायचा प्रकार, खेळणाऱ्यांसाठी 'ऑथेंटिक'. पहिल्यात बटण दाबताच मिळणारा प्रतिसाद महत्त्वाचा, तर दुसऱ्यात सामन्याची चाल खऱ्या फुटबॉलच्या जवळ नेलेली. अनेकांना ही नवी सोय वाटली. खरं तर ती निदान वीस वर्षं चाललेल्या वादातली तडजोड आहे, आणि त्या वादाचं मूळ मैदानात कमी, खेळाडूंच्या डेटाबेसमध्ये जास्त सापडतं.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. १९८२ च्या पहिल्या 'फुटबॉल मॅनेजर'मध्ये (आजच्या त्याच नावाच्या मालिकेशी त्याचा संबंध नाही) खेळाडू म्हणजे कौशल्याचा एक आकडा आणि दमाचा एक आकडा, बस. १९८९ च्या किक ऑफने चेंडू खेळाडूच्या पायाला चिकटून ठेवायचा नाही असं ठरवलं, तेव्हा चेंडू ताब्यात ठेवणं हीच एक कला झाली. १९९३ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या फिफाने तिरक्या कोनातून टीव्हीसारखं मैदान दाखवलं. खेळाडू मोठा होतो, शिकतो, उतरणीला लागतो, हा विचार यात जवळपास कुठेच नव्हता. तो आला मॅनेजर गेममधून, म्हणजे स्वतः चेंडू न खेळता संघ चालवायच्या गेममधून, १९९२ च्या चॅम्पियनशिप मॅनेजरपासून सुरू झालेल्या परंपरेतून, आणि येताना एक निर्णय सोबत घेऊन आला. आजही भांडण त्यावरच आहे.

तो निर्णय म्हणजे पोटेन्शियल अ‍ॅबिलिटी, खेळणाऱ्यांच्या भाषेत 'पीए'. प्रत्येक खेळाडूला दोन छुपे आकडे असतात. आजची क्षमता म्हणजे सीए आणि गाठता येईल ती कमाल क्षमता म्हणजे पीए, दोन्ही २०० पैकी. पडद्यावर दिसणारे पासिंग, टॅकलिंग, वेग वगैरे गुण १ ते २० मध्ये असतात आणि सीए हे त्या गुणांचं बजेट असतं. जागेनुसार गुणांचा भाव बदलतो. स्ट्रायकरला मार्किंग जवळपास फुकटात मिळतं, पण त्याचा वेग वाढवायचा तर बजेटमधून मोठी रक्कम जाते. कमकुवत पाय सुधारला तरी त्याचा खर्च सीएमधूनच वळता होतो. त्यामुळे सारख्याच सीएचे दोन विंगर घेतले, तर दोन्ही पायांनी खेळणाऱ्याचे बाकीचे गुण कागदावर थोडे फिके दिसतात. हा हिशोब कळला की गेमकडे बघण्याची नजरच बदलते.

पीए मात्र बजेट नव्हे, ती बजेटची कमाल मर्यादा. सेव्ह, म्हणजे जतन करत खेळलेला एक सलग डाव, सुरू होते तेव्हाच ती ठरते आणि पुढे तुम्ही कितीही चांगला कोच आणा, कितीही सामने खेळवा, ती वर सरकत नाही. फार लहान खेळाडूंच्या बाबतीत डेटाबेस भरणाऱ्यांनाही खात्री नसते, म्हणून तिथे ऋण आकडा लिहिण्याची पद्धत आली. उणे १० लिहिलं तर प्रत्येक नव्या सेव्हमध्ये १७० ते २०० मधला कोणताही आकडा निघतो, उणे ९ लिहिलं तर १५० ते १८० मधला. एकाच मुलाचं नशीब प्रत्येक सेव्हमध्ये वेगळं, पण एका सेव्हपुरतं पक्कं.

हे असं का केलं, याचं उत्तर गणितात आहे. मॅनेजर गेम एका हंगामासाठी खेळला जात नाही. लोक तीस-तीस, पन्नास-पन्नास हंगाम खेळतात. खरे खेळाडू निवृत्त होत जातात आणि त्यांच्या जागी गेमने तयार केलेली पोरं येतात. प्रत्येकाला मेहनतीने कितीही वाढता आलं, तर वीस हंगामांनंतर दुसऱ्या-तिसऱ्या डिव्हिजनमध्येही जागतिक दर्जाचे मिडफिल्डर दिसू लागतील आणि लीगची उतरंडच मोडेल. मर्यादा ठोकून दिली की प्रत्येक पिढीत किती तारे निघणार, हे हातात राहतं. गेम टिकवायला ही अट लागतेच, हे मान्य करायला हवं.

मान्य करूनही खटकतं ते वेगळं. इंग्लंडमधला एक स्ट्रायकर पंचविसाव्या वर्षापर्यंत लीगबाहेरच्या क्लबांत खेळत होता. २०१२ मध्ये पाचव्या पातळीवरच्या क्लबकडून त्याला दुसऱ्या डिव्हिजनमधल्या एका क्लबने घेतलं आणि २०१६ मध्ये त्याच क्लबबरोबर तो प्रीमियर लीगचा विजेता ठरला. २०१२ च्या कोणत्याही डेटाबेसमध्ये त्याचा पीए तिथवर पोहोचणारा असण्याचं काही कारणच नव्हतं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याचा आकडा वाढला, पण तो माणसाने हाताने वाढवला. गेमच्या आतून अशी गोष्ट घडू शकत नाही, आणि फुटबॉलवर प्रेम करणाऱ्याला नेमकी तीच गोष्ट हवी असते.

उलट दिशेची उदाहरणं तर ढीगभर. २००१ च्या सुमारास चॅम्पियनशिप मॅनेजरमध्ये जगज्जेते ठरलेली काही खरीखुरी किशोरवयीन मुलं प्रत्यक्षात मोठ्या संघापर्यंत पोहोचलीच नाहीत. कुणाला दुखापतीने अडवलं, कुणाच्या घरात दुःख कोसळलं, कुणी चुकीच्या क्लबात अडकलं. लाखो लोकांनी त्यांना गेममध्ये कप उचलताना पाहिलं, त्यांच्या नावाने आजही जुने खेळणारे हळवे होतात. त्याच गेममध्ये पोर्तुगालच्या एका छोट्या क्लबात टो माडेरा नावाचा अफाट स्ट्रायकर होता. तो माणूस जगात अस्तित्वातच नव्हता. डेटाबेस भरणाऱ्या एका स्थानिक स्वयंसेवकाने तो घुसडला होता आणि नंतर पॅचमधून, म्हणजे गेमच्या दुरुस्तीतून, काढावा लागला. पीए हा निसर्गनियम नाही, कुणीतरी टाइप केलेला अंदाज आहे, हे टो माडेराइतकं स्पष्ट कशानेच दाखवलं नाही.

माझा स्वतःचा काळ त्याच्या जरा पुढचा, २००५ ते २०१२. त्या काळातल्या एका सेव्हमध्ये युवा संघातून आलेला एक लेफ्ट-बॅक मी सोळाव्या वर्षापासून घडवला. तेव्हा 'ट्युटरिंग' होतं. ज्येष्ठ खेळाडूच्या हाताखाली मुलाला दिलं की त्याचा स्वभाव, जिद्द, व्यावसायिकपणा हळूहळू मुलात उतरायचा. (पुढे एफएम २०१९, म्हणजे आजच्या फुटबॉल मॅनेजर मालिकेतल्या २०१९ च्या आवृत्तीमध्ये याची जागा गटाने चालणाऱ्या मेंटॉरिंगने घेतली.) पोराची जिद्द ७ वरून १४ वर नेली. एकविसाव्या वर्षी तो पहिल्या संघात पक्का झाला आणि तिथेच थांबला. तीन हंगाम एकही हिरवा बाण, म्हणजे गुण वाढल्याची खूण, नाही. क्रॉसिंग वाढवायला घेतलं की हेडिंग घसरायचं. शेवटी छुपे आकडे दाखवणारा एडिटर उघडून बघितलं, तर सीए १२८, पीए १२८. मुलगा भरून गेला होता. चूक माझ्या प्रशिक्षणात शोधत बसलेले ते तीन हंगाम अजून आठवतात.

'रीजेन' या शब्दाचा घोळही याच मुळातून आलेला. आधीच्या मॅनेजर गेममध्ये निवृत्त खेळाडूचा जणू पुनर्जन्म व्हायचा, त्याच्याच गुणांचा एक मुलगा नव्या नावाने कुठेतरी उगवायचा. म्हणून तो रीजेन. नंतर मुलं देश, क्लबची अकादमी आणि तिथली सोय यांच्यावरून शून्यातून तयार होऊ लागली, तेव्हा जाणकारांनी 'न्यूजेन' हा शब्द धरला. पण बोलताना सगळे अजूनही रीजेनच म्हणतात. प्रो इव्होल्यूशन सॉकर या दुसऱ्या मालिकेच्या मास्टर लीग नावाच्या करिअर मोडमध्ये तर शब्दशः पुनर्जन्म होता. निवृत्त झालेला दिग्गज त्याच नावाने, त्याच चेहऱ्याने कोवळ्या वयात पुन्हा बाजारात यायचा.

मास्टर लीगचा रस्ता मुळातच वेगळा होता आणि माझ्या मते तो अधिक माणसासारखा होता. तिथे प्रत्येकाला वयानुसार वाढीचा आलेख दिलेला असायचा. काही लवकर फुलून लवकर ओसरणारे, काही पस्तिशीपर्यंत टिकणारे, काही पंचविशीनंतर उमलणारे. कास्तोलो, मिनांडा हे काल्पनिक, सुमार खेळाडू घेऊन सुरुवात करायची आणि त्यातल्या कुणाचा आलेख उशिरा वर चढतो याची वाट बघायची. तोही आलेख आधीच आखलेला होता, हे खरं. पण त्यात 'उशिरा' या शब्दाला जागा होती.

फिफाच्या करिअर मोडने मात्र पोटेन्शियल उचललं ते मॅनेजर गेमच्या साच्यातून, फक्त मोजपट्टी ९९ ची केली. फिफा १२ मध्ये युवा अकादमी आली आणि स्काउटच्या अहवालात पोटेन्शियल दोन आकड्यांच्या पट्ट्यात दिसू लागलं. जे मॅनेजर गेममध्ये छुपं होतं ते इथे जवळजवळ उघडं झालं. त्यामुळे लोक खेळाडू बघण्याऐवजी आकडा बघून पोरं घ्यायला आणि काढायला लागले. ही गाठ सैल केली फिफा २० ने. तिथे पोटेन्शियल कामगिरीप्रमाणे वर-खाली हलू लागलं. फिफा २१ ने प्रत्येक गुणाच्या वाढीचा वेगळा आराखडा दिला आणि खेळाडूची जागा बदलायची मुभा दिली. मग उलटी तक्रार सुरू झाली: आता सगळेच वाढतात, सतरा वर्षांचा पोरगा दोन-तीन हंगामांत जगात अव्वल. पन्नास हंगामांच्या गणिताची जी भीती मॅनेजर गेमवाल्यांना होती, ती इथे पाच हंगामांत खरी ठरताना लोकांनी पाहिली.

मैदानावरच्या खेळाकडे वळलं की आकड्यांचा दुसरा घोटाळा समोर येतो. ओव्हरऑल रेटिंग, म्हणजे खेळाडूचा एकूण आकडा, हीसुद्धा जागेनुसार काढलेली भारित सरासरी. सेंटर-बॅकच्या सरासरीत धावण्याच्या वेगाचं वजन अगदी कमी. पण प्रत्यक्ष खेळताना, विशेषतः ऑनलाइन, मागे पळून गाठणारा डिफेंडर सोन्यासारखा. म्हणजे ८४ चा संथ बचावपटू कागदावर भारी आणि ७९ चा वेगवान बचावपटू अंगठ्याखाली भारी. खेळाडू घडवताना नेमकं काय घडवायचं, याचं उत्तर त्यामुळे फुटबॉलने न देता गेम चालवणाऱ्या इंजिनने दिलं. फिफा १० चं सर्व दिशांचं ड्रिब्लिंग, फिफा १२ मधलं शरीरांच्या टकरीचं नवं भौतिकशास्त्र आणि समोरच्याला रोखून धरायला लावणारा बचाव, फिफा २३ मधले धावण्याचे तीन प्रकार, अशी प्रत्येक सुधारणा आली की लोकांच्या लाडक्या खेळाडूंची यादी बदलली. फिफा २३ मध्ये लांब टांगांनी हळूहळू वेग पकडणारे उंच बचावपटू अचानक सगळ्यांना हवेसे झाले. त्यांच्या गुणांत तसा फरक पडला नव्हता, आकड्यांचा अर्थ लावणारं इंजिन तेवढं बदललं होतं.

वेळेचा प्रश्न याला जोडूनच आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. सहा मिनिटांचा हाफ म्हणजे घड्याळ साडेसात पट वेगाने धावतं, खेळाडू मात्र खऱ्याच वेगाने धावतात. खऱ्या सामन्यात चेंडू साधारण ५५ ते ६० मिनिटं खेळात असतो. गेममध्ये ऑनलाइन सामना बारा-पंधरा मिनिटांत उरकतो आणि तेवढ्यात गोल व्हायला हवेत, नाहीतर खेळणारा कंटाळतो. साहजिकच संधी जास्त, बचाव सैल, दमछाक कृत्रिम. करिअरवाले म्हणून स्लायडर, म्हणजे खेळाचा वेग, चुका वगैरे कमी-जास्त करायच्या सेटिंग, हाती घेतात, हाफ दहा मिनिटांचा करतात, वेग कमी करतात, पासमधली चूक वाढवतात. एका संध्याकाळी तीन सामने खेळून प्रत्येकाचे शॉट आणि पास वहीत उतरवणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांच्या या खटपटीला मी वेड म्हणणार नाही. त्यांना त्यांच्या हाताखालचा मिडफिल्डर मिडफिल्डरसारखा खेळताना बघायचा असतो.

या सगळ्यावर कडी केली ती कार्डांनी. मार्च २००९ मध्ये फिफा ०९ ला जोड म्हणून अल्टिमेट टीम, म्हणजे पाकिटांतून खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायचा मोड, आली तेव्हा ती बाजूची गंमत होती. दहा-अकरा वर्षांत क्रीडा गेममधल्या या मोडची कमाई वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर गेली. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायची पाकिटं जुगारात मोडतात असं ठरवलं आणि २०१९ च्या सुरुवातीला तिथली विक्री थांबली. बाकी जगात ती चालू राहिली. कार्डाच्या जगात खेळाडू घडत नाही, त्याची नवी आवृत्ती निघते. चांगला आठवडा गेला की जास्त आकड्याचं कार्ड, स्पर्धा गाजवली की आणखी जास्त. एफसी २४ मध्ये 'इव्होल्यूशन्स' आले, ठरलेली कामं पुरी करून साधं कार्ड वाढवायची सोय, आणि ती लोकांना आवडलीही. पण कामं कंपनीने ठरवलेली आणि वाढही कंपनीने ठरवलेली. करिअर मोडला दरवर्षी मिळणारी तोकडी सुधारणा आणि कार्डांकडे वळलेलं लक्ष यांचा संबंध नाही असं मानणं मला जमत नाही.

स्पर्धा असती तर कदाचित चित्र वेगळं दिसलं असतं. पण मास्टर लीगची परंपरा सांभाळणाऱ्या मालिकेने २०२१ मध्ये नाव बदललं, फुकट ईफुटबॉल म्हणून ती आली आणि आली तेव्हा त्यात मास्टर लीगच नव्हती. मॅनेजर गेमच्या बाजूने फेब्रुवारी २०२५ मध्ये एफएम २५ रद्दच झाला. नोव्हेंबरमध्ये एफएम २६ नव्या इंजिनवर, महिलांच्या फुटबॉलसह आला. सीए-पीएची जोडी त्यातही शाबूत आहे.

एफसी २६ च्या ऑथेंटिकमध्ये करिअरवाल्यांना त्यांच्या स्लायडरच्या मेहनतीतला काही भाग तरी तयार मिळाला. सामना शांत झाला, मधल्या फळीला श्वास घ्यायला वाव मिळाला. मात्र ही दोन रूपं मैदानावरच्या खेळापुरती आहेत. अकादमीतून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या नावापुढचं पोटेन्शियल, कोणतंही रूप निवडलं तरी, तेच राहतं.