मोठे आतडे व त्याचे विकार (मराठवाडा)

मोठे आतडे (बृहदांत्र) : अन्नमार्गाचा अखेरचा, सुमारे दीड मीटर लांबीचा भाग. उंडुक (आरंभीची पिशवी), आरोही (वर चढणारे), आडवे, अवरोही (खाली उतरणारे) व सिग्मॉइड (नागमोडी) हे त्याचे क्रमाने येणारे भाग, शेवटी गुदांत्र. लहान आतड्यातून रोज साधारण दीड लिटर पातळ द्रव्य येथे उतरते आणि त्यातले शंभर-दीडशे मिलिलिटर पाणीच मळावाटे बाहेर जाते. बाकीचे शोषले जाते. न पचलेल्या तंतूंवर येथील जीवाणू जगतात व त्यांतून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन हेच होय.

संज्ञा : चरकसंहितेत पंधरा कोष्ठांगे (धडाच्या पोकळीतील अवयव) मोजली आहेत. त्यांत पुरीषाधार, पक्वाशय, उत्तरगुद, अधरगुद, क्षुद्रांत्र व स्थूलांत्र ही नावे स्वतंत्रपणे येतात. स्थूलांत्र म्हणजे मोठे आतडे हे उघड आहे. पण मग पक्वाशय आणि पुरीषाधार कोणते, हा वाद जुना आहे. मळ जेथे साठतो ते उत्तरगुद व जेथून तो बाहेर पडतो ते अधरगुद, असा अर्थ टीकाकार चक्रपाणी देतो. तो धरला तर उत्तरगुद गुदांत्राच्या वरच्या भागाशी, कदाचित सिग्मॉइडशीही जुळते. सुश्रुत मलधरा कलेचे (मळ धरणाऱ्या आतील आवरणाचे) वर्णन करताना ती ‘उंडुकस्थ’ मळाचे विभाजन करते असे म्हणतो. त्यावरून उजव्या बाजूच्या आरंभीच्या पिशवीसारख्या भागाला उंडुक म्हणण्याचा प्रघात आधुनिक शारीरकारांनी पाडला आणि मराठी परिभाषेत तो रुळला. चरकाने व वाग्भटाने पक्वाशय हे वाताचे विशेष स्थान मानले आहे. ही नावे विच्छेदनातल्या सीमारेषांची नसून कार्याची आहेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एकाच अवयवाला दोन नावे का, ही अडचण त्यामुळे बरीचशी सुटते. मोजमापाच्या बाबतीत मात्र सुश्रुत अगदी नेमका आहे. पुरुषाची आतडी साडेतीन व्याम व स्त्रीची त्याहून अर्धा व्याम कमी, असे तो सांगतो. व्याम म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर. त्या हिशेबाने पुरुषाच्या दोन्ही आतड्यांची मिळून लांबी सहा मीटरच्या आसपास येते.

या विचाराचा एक धागा मराठवाड्यातच सापडतो. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा महादेव व रामचंद्र यांच्या कारकिर्दीत, वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. ती आज पूर्ण मिळत नाही. सूत्रस्थानावरील भाग हाती आहे. त्याच्या आश्रयाला असलेल्या बोपदेवाचे वडील केशव हे वैद्य होते. मंदिरांच्या बांधणीमुळे हेमाडपंत घरोघरी माहीत आहे. वैद्यकातील त्याच्या कामाकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

आमांश : ‘आव पडणे’, ‘मुरडा येणे’, ‘ढाळ लागणे’ या बोलीतल्या तक्रारींमागे जीवाणूजन्य व अमीबाजन्य असे दोन मुख्य रोग असतात. पहिल्याचा जीवाणू कियोशी शिगा यांनी जपानमध्ये १८९७ साली शोधला. अमीबा त्याआधीच, १८७५ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला फेडोर लोश यांनी रुग्णाच्या मळात पाहिला होता. पुढे प्रश्न असा पडला की ज्यांच्या मळात अमीबा दिसतो त्यांतले बहुसंख्य लोक धडधाकट कसे? दिसायला सारख्या पण निराळ्या अशा दोन जाती असाव्यात, असे एमिल ब्रुम्प यांनी १९२५ मध्ये सुचवले. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. जैवरासायनिक पुराव्यानंतर १९९३ मध्ये हिस्टोलिटिका (रोगकारक) व डिस्पार (निरुपद्रवी) या जाती वेगळ्या मानल्या गेल्या. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे कोष्ठ (कवचबंद सुप्त अवस्था) एकसारखे दिसतात. म्हणून तालुक्याच्या प्रयोगशाळेतून ‘अमीबा आहे’ असा कागद आला तरी रोग आहेच असे ठरत नाही. मळात रक्तपेशी गिळलेला अमीबा दिसला तर निदानाला बळ येते.

अमीबाचे कोष्ठ नळाच्या पाण्यातील नेहमीच्या क्लोरिनला दाद देत नाहीत. पाणी उकळले की मरतात. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला रेल्वेने पहिले पाच लाख लिटर पाणी आले, ते पाणीटंचाईच्या अशाच एका उन्हाळ्यात. टँकरचे पाणी हौदात, पिंपात दिवसचे दिवस साठवून वापरावे लागते आणि हात धुण्यालाही ते पुरत नाही, तेव्हा आतड्याचे आरोग्य सर्वांत आधी पाण्यावर ठरते. घरगुती उपायांत कुड्याची साल जुनी आहे. ती पांढऱ्या कुड्याची हवी. काळा कुडा हे निराळे झाड असून बाजारात त्याच्या सालीची भेसळ होते.

आहार : तंतुमय अन्नाने मोठ्या आतड्याचा कर्करोग टळतो, हे मत डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतील अनुभवावरून १९७१ मध्ये मांडले. अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत (१९९९) तसा लाभ आढळला नाही. युरोपातील बहुदेशीय पाहणीत (२००३) आढळला. आज कल लाभ होतो या बाजूला आहे. ज्वारीच्या भाकरीचे कौतुक रास्तच. पण शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू, तर न चाळलेल्या कणकेत साधारण तितकेच किंवा किंचित जास्त असतात. फरक पडतो तो कोंडा चाळून टाकल्याने आणि भाताने. तांदळात तंतू जेमतेम तीन ग्रॅम. भाकरीसोबतची अंबाडी, हरभऱ्याची भाजी, तुरीचे वरण यांचा वाटाही कमी नाही. दुसरी बाजूही नोंदवायला हवी : भरड अन्न खाणाऱ्या प्रदेशांत सिग्मॉइड लांब व सैल असल्याने त्याला पीळ पडण्याचे प्रमाण जास्त आढळते. पोट अचानक ढोलासारखे फुगले आणि वारा, मळ दोन्ही बंद झाले तर ती तातडीची अवस्था असते. त्यावर एरंडेल देणे घातक ठरू शकते.

कर्करोग : देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असले तरी धाराशिवमधील परांडा व भूम हे तालुके तिच्यात आहेत. २०१२–१६ च्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालात उस्मानाबाद (आता धाराशिव) व बीड यांचा पुरुषांतील सर्व कर्करोगांचा वयसमायोजित (वयोरचनेतील फरक वगळून काढलेला) दर लाखामागे ३९.५ होता, देशात सर्वांत कमी; मिझोराममधील ऐझॉलचा २६९.४. हा फरक खरा असावा, पण सगळाच आहारामुळे आहे असे मानता येत नाही. निदानापर्यंत न पोहोचलेला रुग्ण नोंदीत येत नाही. आतड्याच्या अस्तरावरील साध्या गाठीचा कर्करोग होण्यास बहुधा दहाएक वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात ती दुर्बिणीने काढता येते. राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात मात्र तोंड, स्तन व गर्भाशयमुख एवढ्याच कर्करोगांचा समावेश आहे. मळातले रक्त म्हणजे मूळव्याध, असे घरीच ठरवून मलम आणले जाते आणि बायका तर ते कोणाला सांगतही नाहीत. चाळिशीनंतर नव्याने रक्त दिसणे, शौचाची सवय बदलणे, कारण नसताना पांडुरोग होणे यांत गुदांत्राची बोटाने तपासणी व दुर्बीण आवश्यक आहे.

इतर विकार : आतड्याचा क्षय बहुधा लहान आतडे व उंडुक यांच्या सांध्याशी होतो व क्रोन विकाराशी (आतड्याच्या एका दीर्घकालीन दाहाशी) त्याची गल्लत होते. व्रणयुक्त बृहदांत्रशोथ (अल्सरेटिव्ह कोलायटिस) व क्षोभी आतडे (आयबीएस) हेही आढळतात. शासकीय उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबेजोगाई इत्यादी ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.