क्वाड्रो ६००० : सावकाश, पण बिनचूक

एनव्हिडियाने २०१० साली एकाच चिपवर दोन वेगळी ग्राफिक्स कार्डं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र घडवणारी कार्डं, काढली. गेम खेळणाऱ्यांसाठी जीफोर्स जीटीएक्स ४८०, आणि इंजिनिअर, डॉक्टर, संशोधक यांच्या वर्कस्टेशनसाठी, म्हणजे जड कामाच्या कॉम्प्युटरसाठी, क्वाड्रो ६०००. चिपच्या आराखड्याचं नाव फर्मी, आत सुमारे ३ अब्ज ट्रान्झिस्टर. आकडे शेजारी मांडले की कितीतरी महाग असलेलं क्वाड्रोच मागे दिसतं. जीफोर्सकडे ४८० कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे भाग, क्वाड्रोकडे ४४८. कोअरचा वेग तिकडे १४०१ मेगाहर्ट्झ, इकडे ११४७. मग एवढे पैसे कशाचे?

आधी मेमरी पाहा. जीफोर्सवर दीड गिगाबाइट, क्वाड्रोवर ६. सगळे सुटे भाग जोडलेलं इंजिनाचं मॉडेल कार्डावर मावलं नाही, तर त्याचे तुकडे कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीतून पुन्हा पुन्हा आणावे लागतात आणि तोवर कोअर रिकामे बसतात.

पण माझ्या मते या कार्डाचा खरा मान ईसीसीचा, म्हणजे मेमरीतली चूक पकडून सुधारण्याच्या सोयीचा. मेमरीतला एखादा बिट अवकाशातून आलेल्या किरणांमुळेही उलटू शकतो. ० चा १ होतो. गेममध्ये एक ठिपका क्षणभर भलत्या रंगाचा दिसेल, इतकंच. पुलावरच्या ताणाचं गणित रात्रभर चालू असेल, तर तीच चूक पुढच्या आकड्यांत मुरत जाते आणि सकाळी कुणाला पत्ताही लागत नाही. ईसीसी माहितीबरोबर तपासणीचे जादा बिट ठेवतं. एक बिट बिघडला तर दुरुस्त करतं, दोन बिघडले तर निदान कळवतं. ही जागा मेमरीतूनच जाते: ईसीसी चालू केलं की ६ पैकी सव्वापाच गिगाबाइट हाती उरतात. रात्रभराच्या हिशेबापुढे हा सौदा मला स्वस्त वाटतो.

सुमारे १६ अंकांपर्यंत नेमकी राहणारी आकडेमोड, म्हणजे डबल प्रिसिजन, क्वाड्रो सेकंदाला ५१५ अब्ज वेळा करतं. जीफोर्स १६८ अब्ज. चिप तीच, पण गेमच्या कार्डात ही क्षमता कंपनीनेच चौथाईवर आणून ठेवली होती. वेग आवरल्यामुळे विजेची गरजही २५० वॅटऐवजी २०४ वॅट.

आणि रंग. कार्डावरच्या डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर जोडायच्या जागेला १० बिटांचा मॉनिटर जोडला, तर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा मिळतात. एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरला त्या हव्याच असतात, कारण तिथे सगळा खेळ करड्या रंगाच्या दोन शेजारच्या छटांमधला असतो.